खोट्याला झटका देणारे यंत्र

आमच्या जिल्ह्यात खांबावरून वीज येण्याच्या कितीतरी आधी ती बैलगाडीतून येत असे, आणि ती आणणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो. आज परभणीत माझे वायरिंगचे दुकान आहे, संसार आहे, आणि बटण बिघडले की लोक मला बोलावतात. पण ज्या विजेला बटण नसते, तार नसते, मीटर नसतो, तिच्या नोकरीत मी काही वर्षे काढली, त्याबद्दल कोणी विचारत नाही. संपादकांनी विचारले, म्हणून लिहितो. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो.

काळ निजामाचा, दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आगेमागचा. मी सेलूच्या एका लिंगायत दुकानदाराचा धाकटा मुलगा. दुकान थोरल्या भावाकडे गेले आणि माझ्या वाट्याला हकीमसाहेब आले. उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी, शेरवानीचे एक बटण कायम तुटलेले. वडिलांकडून युनानी औषधे शिकलेले, पण सगळी भिस्त एका लाकडी पेटीवर. ती त्यांनी मुंबईला कुण्या मेलेल्या डॉक्टरच्या सामानाच्या लिलावात घेतली होती. पेटीत बिजलीचे यंत्र होते. ते जर्मनीचे आहे असे हकीमसाहेब सांगत. त्यावर कुठेही तसे लिहिलेले नव्हते, हे मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवले.

माझी नेमणूक झाली दांडा फिरवायला. हुद्दा मात्र 'मुनशी'. गावोगावचे लोक मला 'मशीनवाले आप्पा' म्हणत. आम्ही गाडीतून आठवडी बाजार करायचो. बोरी, ताडकळस, मध्ये देवगाव फाट्याला झाडाखाली मुक्काम. संधिवात, लकवा, अर्धशिशी, हातापायाच्या मुंग्या, जुनी सर्दी आणि नवे वैराग्य, या सगळ्यांवर आमच्याकडे एकच उपाय होता.

यंत्र असे होते. ताटाएवढ्या दोन काचेच्या तबकड्या, एकमेकींना न शिवता समोरासमोर बसवलेल्या, त्यांवर कथलाच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या. दांडा फिरवला की एक तबकडी उजवीकडे फिरे, दुसरी डावीकडे. पुढे दोन पितळी गोळे आणि बाजूला दोन काचेच्या बरण्या, आतून-बाहेरून कथलाचा पत्रा लावलेल्या. फिरवत राहिले की बरण्यांत बिजली साठायची. पुरेशी साठली की एका गोळ्यावरून दुसऱ्यावर निळसर ठिणगी उडायची आणि चाबूक वाजवल्यासारखा आवाज व्हायचा.

बिजली म्हणजे काय, हे हकीमसाहेबांनी मला ज्वारीवर शिकवले. प्रत्येक वस्तूत बिजली दोन जातींची असते आणि दोन्ही सारख्या असतात, म्हणून वस्तू गप्प बसलेली असते. काच रेशमावर घासली की एकीकडची थोडी बिजली दुसरीकडे जाते. या ढिगातली ओंजळभर ज्वारी त्या ढिगात टाकावी, तसे. एकीकडे जितकी वाढली, दुसरीकडे नेमकी तितकीच कमी झाली. नवे काहीच जन्मत नाही. फक्त आता दोन्हींना पूर्ववत होण्याची घाई सुटते, आणि त्या घाईलाच लोक झटका म्हणतात. सारख्या जातीच्या बिजल्या एकमेकींना ढकलतात, वेगळ्या जातीच्या ओढतात. माणसांचे याच्या उलट असते, हे हकीमसाहेबांनी शिकवले नाही. ते मला गावांनी शिकवले.

धंद्यापुरते आणखी एक माहीत असावे लागे. काही वस्तूंतून बिजली वाहते आणि काहींतून वाहत नाही. धातू, ओली माती, ओला कपडा, माणसाचे अंग यांतून ती धावते. काच, रेशीम, लोकर, लाख, रबर, कोरडे लाकूड तिला अडवतात. म्हणून आमच्या रोग्याच्या तिवईचे चारही पाय काचेच्या बाटल्यांत उभे असत. रोगी तिवईवर बसला, त्याच्या हातात गोळ्याची साखळी दिली आणि मी दांडा फिरवला की बिजली त्याच्या अंगात भरत जाई आणि काच तिला खाली उतरू देत नसे. डोक्यावरचा प्रत्येक केस सारख्याच बिजलीने भरला की केस एकमेकांपासून दूर पळत आणि उभे राहत. लोकांना वाटे रोग डोक्यातून निघाला. मग हकीमसाहेब पितळी कांडी दुखऱ्या गुडघ्याजवळ नेत. 'चट्!' रोगी 'आगागा' करे. आणि तो 'आगागा' म्हणाला की पाहणाऱ्यांतले दोघे पुढे सरकत.

हिशोबी स्वभाव म्हणून मी पुन्हा भेटणाऱ्या रोग्यांना विचारत असे. साधारण चारांत एकाला बरे वाटायचे. दमट हवेत काचेवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो, त्यावरून बिजली घसरून जाते आणि यंत्रात काहीच साठत नाही. अशा दिवशी मी नुसताच दांडा फिरवी. तेव्हाही साधारण चारांत एकालाच बरे वाटायचे. हे मी हकीमसाहेबांना सांगितले. ते खूश झाले.

"देखो मुनशी, मतलब अपनी बिजली से नुकसान तो किसी का नहीं हुआ!"

पावसाळ्यात अर्थातच धंदा बंद. का बंद, असे कोणी विचारले तर ते आभाळाकडे बोट दाखवत. "बरसात में बिजली ऊपर चली जाती, साहेब. दिखती नहीं क्या?" लोकांना दिसत होती. कोणी वाद घालत नसे.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची. ताडकळसला धान्याचे एक व्यापारी तिवईवर बसले आणि एकदम उठून उभे राहिले.

"हकीमसाब, आज एकादशी हाय. बिजली उपासाला चालती का?"

हकीमसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "धान्य नाही, तेल नाही, मीठ नाही."

"मग चालंल," ते बसत म्हणाले. "पर शेंगदाण्याएवढीच द्या."

एकदा तहसिलीतले पेशकार आणि एक देशमुख एकाच बाजारी आले. पेशकारांना ठिणगी दिली. देशमुखांनी ती बारकाईने पाहिली होती. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "त्यास्नी बोटाच्या पेराएवढी ठिणगी दिलाव. मी वतनदार हाय. मला अंगठाभर पायजे."

ठिणगी किती लांब उडते हे हुद्द्यावर नसते. ते हवेवर आणि बरणीवर असते. त्या दिवशीच्या हवेत अंगठाभर उडणे शक्य नव्हते. मी तसे सांगितले. त्यांना तो वतनाचा अपमान वाटला. मग हकीमसाहेबांनी कांडी मुकाट्याने अंगठाभर लांब धरली. देशमुख डोळे मिटून, दात आवळून बसले. काहीच उडाले नाही. बराच वेळ काहीच उडाले नाही. शेवटी ते घाम पुसत उठले आणि पेशकारांना म्हणाले, "बघितलाव? हूं की चूं केलं न्हाई!"

आता मूळ गोष्टीकडे येतो, आणि त्यासाठी हकीमसाहेबांची आरोळी सांगावी लागेल. झटक्याला लोक भीत. मग ते गर्दीकडे तोंड करून म्हणत, "आओ, आओ! जिसके दिल में खोट, उसकोच लगेगी चोट!" आता कोण मागे राहणार? जो मागे राहील त्याच्या मनात खोट. तरणे लोक एकमेकांना ढकलत पुढे येत, झटका खाऊन दात दाखवत आणि 'मला न्हाई लागला' म्हणून शपथा घेत. आरोळी चांगली चालत होती. पाच वर्षे चालली. ती कोणी खरी मानत असेल असे आम्हा दोघांनाही कधी वाटले नाही.

बोरीच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली नवी पिढी माझ्याकडूनच वायरिंग करून घेते. तिथल्या पाटलांच्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांवर आमचा इलाज चालू होता. संक्रांत होऊन गेलेली, हवा कोरडी ठणठणीत, यंत्र मन लावून काम करायचे. त्याच दिवसांत पाटलांच्या सूनबाई बाळंत झाल्या, आणि पाचवीच्या पूजेनंतर बाळंतिणीच्या खोलीतली सोन्याच्या पुतळ्यांची माळ दिसेनाशी झाली.

त्या खोलीत घरच्या बायकांखेरीज तिघेजण जाऊन आले होते. पूजा सांगायला जोशीबुवा. सुनेच्या माहेराकडून बाळाला पाहायला आलेले एक पाव्हणे. आणि गावाची सुईण, धुरपाबाई. ती गावकुसाबाहेर राहायची. सत्तरीला टेकलेली, काटक, तोंडाने तिखट. गावातल्या निम्म्या लोकांनी या जगात पहिला स्पर्श अनुभवला तो तिच्या हाताचा. अंघोळ झाल्यावर तो स्पर्श ते विसरून जात.

संशय कोणावर घ्यायचा, याला पाटलांच्या मते फार विचार लागत नव्हता. चोरी कबूल केली नाही तर धुरपाबाईचे सगळे घरच गावातून उठवायचे, असे ते उघड म्हणत होते. लेक, सून, नातवंडे, सगळे. पण पंचांपैकी एकाच्या घरी दिवस भरलेली लेक होती. सुईण अशी तडकाफडकी घालवायची म्हणजे पंचाईत. तो म्हणाला, पुरावा पाहिजे. तेव्हा पाटलांना आमची आरोळी आठवली.

ते आमच्या बिऱ्हाडी आले. मी शेगडीवर ऊन केलेल्या फडक्याने तबकड्या पुसत होतो.

"हकीमसाब, तुमचं मशीन खोट्यालाच झटका देतंय नव्हं?"

हकीमसाहेब हसले. त्यांना वाटले थट्टा आहे.

"तर मग उद्या सकाळी चावडीवर आणा. तिघांनीबी हात लावावा. ज्याला झटका बसंल त्यो चोर. पयले लोक उकळत्या तेलातून दिव्य करायचे. आता सुधारलेलं दिव्य करू."

मी हातातले फडके खाली ठेवले. "पाटील, बिजलीला खरे-खोटे कळत नाही. तिला ओले-कोरडे एवढेच कळते."

"मग बाजारात वरडायलाव ते काय?"

मी हकीमसाहेबांकडे पाहिले, ते दाढी विंचरत होते. पाटील गेल्यावर मी म्हणालो, "साहेब, सांगून टाका, ती नुसती आरोळी आहे म्हणून."

"क्या बोलूँ, मुनशी? आरोळी झूटी बोलूँ, तो कल पूछेंगे, इलाज कैसा सच्चा? पेटी उठा के कहाँ जाऊँ इस उमर में?"

हेही खरे होते. त्यांच्या घरी चार मुली होत्या आणि पेटी एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर गाव लोटला. ओट्यावर जाजम, जाजमावर लाकडी फळ्या, फळ्यांवर आमचे यंत्र. अंगणात नुकताच सडा टाकलेला, जमीन ओलीगार. मी यंत्राचे एक टोक लोखंडी पहारेला बांधून ती जमिनीत ठोकली. दुसऱ्या टोकाच्या गोळ्यासमोर बोटभर अंतरावर एक सुटा पितळी गोळा ठेवला. बरणी भरली की ठिणगी या सुट्या गोळ्यावर उडणार आणि तो ज्याच्या हातात असेल त्याच्या अंगातून ओल्या जमिनीत जाणार. एवढीच ती न्यायव्यवस्था होती.

तिच्यात पहिली दुरुस्ती सुचवली जोशीबुवांनी. ते सोवळ्यात आले होते. रेशमी मुकटा, रेशमी उपरणे.

"आप्पा, हे यंत्र दहा गावच्या हातचं. मी उघड्या हातानं शिवणार नाही. उपरण्याच्या टोकानं धरीन. रेशमाला विटाळ लागत नाही."

"बरे," मी म्हणालो.

"आणि मी पाटावर उभा राहीन. कोरड्या लाकडाला विटाळ नाही."

"लोकरीला?" मी सहज विचारले.

"लोकरीलाही नाही. ओल्या सुती कपड्याला मात्र लागलाच म्हणून समजा. ओल्या जमिनीवरून तर हमखास."

मी जागच्या जागी थांबलो. हकीमसाहेबांनी मला ज्या वस्तू शिकवल्या होत्या, जोशीबुवांनी त्याच सांगितल्या. कशातून जाते, कशातून जात नाही. आमच्या वाडवडिलांनी बिजलीचे अर्धे शास्त्र शोधून काढले होते, फक्त ते बिजलीवर वापरायचे सोडून माणसांवर वापरले. जोशीबुवा सोवळे पाळत पाळत, स्वतःला नकळत, झटक्यापासून पूर्ण सुरक्षित होऊन उभे होते. त्यांनी मुद्दाम काही केले असे मी म्हणणार नाही. त्यांना बिजलीतले काही कळत नव्हते. त्यांची व्यवस्था जन्मतःच लागलेली होती.

मी दांडा फिरवला. सुट्या गोळ्यावर एक बारीक ठिणगी उडाली आणि रेशमाने पुढची वाट बंद केली. जोशीबुवांच्या पापणीलाही काही झाले नाही. लोकांनी माना डोलावल्या.

मग पाव्हणे. त्यांनी पुण्याहून आणलेले जाड, पांढऱ्या रबरी तळव्यांचे बूट घातले होते आणि ते जाजमावर, फळीवर उभे होते. मी म्हणालो, "बूट काढता का?" पाटील म्हणाले, "पाव्हण्यांना बूट काढायला लावतो का कुणी, आप्पा? काही रीतभात हाय का न्हाई?" पाव्हण्यांना बोटाला जराशी टोचणी लागली असेल, तेवढीच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

मग धुरपाबाई. ती ओट्यावर येऊ शकत नव्हती. यंत्राला शिवू शकत नव्हती. ती खाली अंगणात, अनवाणी, ओल्या सड्यावर उभी होती. लुगड्याचा घोळ ओला होता. यंत्रापर्यंत तिचा हात पोचवायचा कसा? जोशीबुवांनी तोड काढली. गोठ्यातल्या बैलांच्या दोन साखळ्या एकीला एक जोडायच्या, एक टोक सुट्या गोळ्याला आणि दुसरे तिच्या हातात. साखळी नंतर आगीतून काढली की झाले.

मी तिथे उभा राहून मनातल्या मनात गणित केले. पहिल्या दोघांच्या वेळी सगळे कोरडे होते आणि हिच्या वेळी सगळे ओले. पूर्ण भरलेली बरणी, लोखंडी साखळी, अनवाणी पाय. ती खोटी असो की खरी, किंचाळून पडणारच. शिक्षेचा हुकूम आधीच लिहिलेला होता, बिजलीने फक्त शिक्का मारायचा होता.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आलेली नव्हती. साखळी लांब होती. ओट्याच्या पायऱ्यांवरून उतरून ती हातभर नव्हे, चांगली तीन-चार हात ओल्या मातीत लोळत मग धुरपाबाईपर्यंत जात होती. आमच्या पेटीत जादा बाटल्या असत. लांब साखळी न्यायची झाली की आम्ही ती बाटल्यांवर उचलून ठेवायचो, नाहीतर सगळी बिजली वाटेतच जमिनीत उतरते. जमीन एवढी मोठी की कितीही ओता, तिला पत्ता लागत नाही.

हकीमसाहेबांनी पेटीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"मुनशी, बोतलाँ?"

"राहू द्या साहेब," मी म्हणालो. "साखळी आहे तशीच बरी."

त्यांनी लोळणाऱ्या साखळीकडे पाहिले. वर्षानुवर्षे हेच यंत्र चालवलेला माणूस. त्यांना काय ते एका नजरेत कळले. ते पुन्हा दाढी विंचरायला लागले. "हौ, बराबर है. चलाव."

धुरपाबाईने साखळी दोन्ही हातांनी धरली.

"मी माळ घेतली न्हाई. घेतली असंल तर ही बिजली माझं काळीज फाडू दे."

मी दांडा फिरवला. चट्! निळी ठिणगी उडाली, सगळ्यांनी पाहिली. बायकांनी तोंडावर पदर घेतले. धुरपाबाई डोळे मिटून उभी. पुन्हा चट्! पुन्हा चट्! ती तशीच उभी. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"झालं का आप्पा?"

गर्दीतून कुजबुज फिरली. पंचांपैकी तो लेकीचा बाप मोठ्याने म्हणाला, "खरी हाय बाई!"

पाटलांचा चेहरा उतरला. "ढिली धरली असंल. धुरपे, नीट धर!"

"धरलीया की मालक. हाताला वळ पडायलेत."

"अगं, साखळीला ताणच न्हाई!" पाटील ओट्यावर काढलेले जोडे तसेच सोडून तावातावाने खाली उतरले. "सोड ती. लांब सरक."

तिने साखळी टाकली आणि मागे झाली. पाटलांनी साखळी मधेच धरली आणि शेतकऱ्याच्या सवयीप्रमाणे, कासरा गोळा करावा तशी, सगळी हातावर गुंडाळून घेतली. राहिली ती त्यांच्या मनगटापासून ओट्यापर्यंत ताणलेली. एक कडीही जमिनीला लागत नव्हती. पाटील अनवाणी, सड्यावर. मी दांडा फिरवत होतो. मला कोणी थांब म्हटले नव्हते.

चट्!

पाटलांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या चावडीने त्याआधी ऐकला नसावा. साखळी एकीकडे गेली, पटका दुसरीकडे, आणि पाटील सड्यात बसले. त्यांना इजा काही झाली नव्हती. हा झटका हाडाला लागत नाही, अब्रूला लागतो.

मग मागून एका म्हाताऱ्याने अगदी भाबडेपणाने विचारले, "हकीमसाब, ते बाजारात काय म्हणायलाव तुमी? खोट आन चोट?"

हसू फुटायच्या बेतात होते. पाटील चिखलातून उठले, डोळे लाल. त्या डोळ्यांत मला दिसले की आता दोनच वाटा आहेत. पाटील खोटे, नाहीतर यंत्र खोटे. आणि पाटील खोटे ठरले तर त्याचा सूड आम्ही गाडी जुंपून निघून गेल्यावर कोणावर निघेल, हेही दिसत होते.

"मशीन खोटं हाय!" पाटील ओरडले.

मी हकीमसाहेबांकडे पाहिले. त्यांनी हात जोडले, लवून सलाम केला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे म्हणाले, "जी पाटीलसाब. बिल्कुल खोटी है. आरोळी भी खोटी, मशीन भी खोटी. इसपर किसी का फैसला नक्को करो."

पंचांनी लगेच मान्य केले. यंत्र खोटे, दिव्य खोटे, म्हणून निकाल नाही. निकाल नाही, म्हणून कोणाला गावातून उठवणे नाही. लेकीच्या बापाने तर दोनदा मान्य केले. जोशीबुवा म्हणाले, "आम्ही आधीच म्हणालो होतो," आणि ते काय म्हणाले होते ते कोणी विचारले नाही.

त्या एका सलामाची किंमत हकीमसाहेबांनी पुढे चुकवली. बातमी आमच्या बैलांपेक्षा वेगाने चालली. पुढच्या बाजाराला बोरीत लोक जमले ते इलाजाला नव्हे, खोटे यंत्र बघायला. त्याच्या पुढच्या बाजाराला तेही जमले नाहीत. वर्षाच्या आत यंत्र विकले गेले, हकीमसाहेब पुड्या बांधून विकू लागले आणि मी तारांच्या कामाकडे वळलो. यंत्र राहिले असते तर चारांत एकाला बरे वाटत राहिले असते, याची मला अधूनमधून रुखरुख वाटते. माळेचे काय झाले म्हणाल, तर मी तीन वेगवेगळ्या कहाण्या ऐकल्या. एकही मी पाहिलेली नाही, म्हणून लिहीत नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही गाव सोडले तेव्हा वेशीबाहेर धुरपाबाई रस्त्याच्या कडेला बसली होती. गाडी दिसताच उठली. चांगली खुशीत होती.

"आप्पा, काय का म्हणंनात तिकडं. तुमच्या मशीनीनं मला वळखलं. तीन डाव फटाका उडाला, पर मला मुंगी चावल्यावानीबी झालं न्हाई. मी खरी हाय म्हणून."

हकीमसाहेबांनी हळूच माझ्या पायाला पाय लावला. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. पण याच बाजारी आरोळीने तिला चावडीवर उभे केले होते. तिचे समाधान म्हणजे त्याच आरोळीचे दुसरे टोक होते. मला ते तसेच सोडवेना.

"धुरपाबाई, मशीनला काही कळत नाही. साखळी ओल्या जमिनीवर पडली होती. तुमच्यापर्यंत येण्याआधीच सगळी बिजली जमिनीने घेतली. साखळी उचलली असती तर तुम्हालाही लागला असता. खऱ्यालाही लागतो."

तिचा चेहरा पडला. मला वाटले, हकीमसाहेबांचे ऐकायला हवे होते.

"सगळी भुईनं घेतली म्हंता?"

"हो. सगळी."

"माझ्यावर येऊ दिली न्हाई?"

"नाही."

"मग आप्पा, कळायचं त्या भुईला कळलं की," ती म्हणाली. "गावातलं येक येक लेकरू जल्मलं की मी आदी तिच्याच अंगावर ठिवलं. पाटलालाबी. तुमच्या मशीनीची वळख कशाला पायजे मला?"

तिने पदर खोचला आणि वाट धरली. हकीमसाहेब बैलांना हाकायचे विसरून तिच्याकडे पाहत होते. मी तिचे बोलणे बिजलीच्या शास्त्रावर दोनदा घासून पाहिले. मला त्यात चूक सापडली नाही.